लॅटिनचा अभ्यासक्रम निवडताना दहावा धडा उघडून पाहावा

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांमध्ये लॅटिनला किती मान आहे, हे या वाटेला नव्याने आलेल्या मराठी पालकांना सहसा ठाऊक नसते. १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी केलेल्या एका भाषणात मध्ययुगीन शिक्षणक्रमाकडे पुन्हा वळण्याचा आणि त्यासाठी लॅटिन व्याकरणाचा पाया घालण्याचा आग्रह होता. पुढे तेच भाषण होमस्कूलिंगमधील 'क्लासिकल' म्हणवणाऱ्या शाखेचे जणू घोषणापत्र ठरले आणि तिथून लॅटिनच्या अभ्यासक्रमांचा एक भरभक्कम बाजारच उभा राहिला. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलांना घरी शिकवायचे ठरवलेल्या आईवडिलांच्या हाती पहिल्याच महिन्यात चार-पाच प्रकाशकांच्या जाडजूड याद्या पडतात आणि पुण्याहून फोनवर आजी विचारतात, "घरात संस्कृत असताना हे परकं कशाला?" आजींच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते पुढे येईल. आधी याद्यांचा निकाल लावू.

पुस्तकाचे नाव ठरवण्याआधी आपल्याला लॅटिन कशासाठी हवे आहे, हे एका वाक्यात कागदावर लिहून काढावे. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढावी आणि वैद्यक, कायदा, जीवशास्त्र यांतील संज्ञा पोरांना परक्या वाटू नयेत, एवढाच हेतू असेल, तर व्याकरणाचा पूर्ण अभ्यासक्रम घेऊ नये; धातू आणि उपसर्ग शिकवणारे एखादे छोटे पुस्तक वर्षभर पुरते आणि पैसेही वाचतात. महाविद्यालयीन प्रवेशाच्या दृष्टीने परभाषेची वर्षे भरायची असतील, तर आठवी-नववीपासून सलग चालेल असा क्रम लागतो. उदाहरणार्थ, कॅलिफोर्निया विद्यापीठ इंग्रजीखेरीज एका भाषेची किमान दोन वर्षे मागते आणि त्यात लॅटिन चालते. मुलाने पुढे सीझर किंवा रोमन कवी व्हर्जिल मुळातून वाचावा अशी इच्छा असेल, तर मात्र चार-पाच वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवून पुस्तक निवडावे लागते. तीन हेतूंना तीन वेगळी पुस्तके लागतात, आणि एकाच संचात सगळे मिळेल असे जाहिरात सांगते म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: शिकवणार कोण? बहुतेक घरांत शिकवणाऱ्या आईला किंवा वडिलांना लॅटिनचा गंध नसतो. त्यामुळे अभ्यासक्रम प्रत्यक्षात मुलासाठी नव्हे, तर आधी पालकासाठी निवडायचा असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज वीस-पंचवीस मिनिटे मुलाशेजारी बसायला जमणार असेल, तर साधे, एकपदरी पुस्तकही चालते. तेवढा वेळ नसेल, तर दृक्‌श्राव्य धडे असलेला संच घ्यावा; पण व्हिडिओतील शिक्षक मुलाची वही तपासत नाही, हे गृहीत धरूनच.

शिकवण्याच्या दोन रीती

लॅटिनची बहुतेक सर्व पुस्तके दोन घराण्यांत विभागता येतात. पहिल्या घराण्यात व्याकरण आधी येते: विभक्ती आणि क्रियापदांचे तक्ते पाठ करायचे, शब्द पाठ करायचे, मग वाक्ये भाषांतरित करायची. १९४५ पासून कॅथलिक शाळांतून चालत आलेले हेन्ले यांचे पुस्तक आणि १९५६ मध्ये प्रथम निघालेले, महाविद्यालयांतून रुळलेले व्हीलॉक यांचे चाळीस प्रकरणांचे पुस्तक, ही या घराण्यातील वडीलधारी मंडळी. मेमोरिया प्रेसची 'फर्स्ट फॉर्म' मालिका याच परंपरेची, फक्त लहान वयाला झेपेल अशी तिची वाटणी केली आहे. ज्यांनी लहानपणी 'रामः रामौ रामाः' घोकले आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटते, आणि मराठी पालक बहुधा याच बाजूला झुकतात.

दुसऱ्या घराण्यात वाचन आधी येते. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बर्ग यांच्या 'फामिलिया रोमाना'त इंग्रजीचा एकही शब्द नाही. पहिल्या प्रकरणात नकाशा आहे आणि रोम कुठे, इटली कुठे, नाईल नदी कुठे अशा साध्या वाक्यांतून मूल लॅटिनमधूनच लॅटिन शिकू लागते. पस्तीस प्रकरणांत एका रोमन कुटुंबाची गोष्ट पुढे सरकते आणि पानाच्या समासातल्या खुणांवरून नव्या शब्दाचा अर्थ लावायचा असतो. इंग्लंडातील 'केंब्रिज लॅटिन कोर्स' याच दिशेने जातो, पण इंग्रजीची मदत घेत. त्याचा नायक काइकिलिउस हा पॉम्पेईत खरोखर होऊन गेलेल्या एका सावकारी करणाऱ्या गृहस्थावरून घेतलेला आहे, ज्याच्या घरातून १८७५ मध्ये हिशेबाच्या मेणपाट्यांचा साठा सापडला. पहिल्या भागाच्या शेवटी व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटतो आणि काइकिलिउस दगावतो. माझ्या धाकट्याने तीन दिवस त्याचा शोक केला आणि त्या तीन दिवसांत आधीच्या तीन महिन्यांहून अधिक लॅटिन वाचले.

कोणती रीत चांगली, यावर लॅटिन शिकवणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे आणि तो मिटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही रीतींचे अपयश मात्र वेगवेगळे दिसते, आणि निवड करताना तेच ओळखता आले पाहिजे. वाचनाच्या रीतीत मूल संदर्भावरून अंदाज बांधायला शिकते आणि वर्षभराने लक्षात येते, की त्याला द्वितीया आणि चतुर्थी यांतला फरक सांगता येत नाही. व्याकरणाच्या रीतीत उलटे होते, आणि ते आमच्या घरात झाले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थोरल्या मुलीसाठी आम्ही एक देखणा, महागडा संच घेतला होता: पाठ्यपुस्तक, रंगीत कार्यपुस्तिका, चकत्या, शब्दपत्ते. चार महिने ती रोज कार्यपुस्तिकेतल्या रिकाम्या जागा भरत होती आणि आठवड्याच्या चाचणीत तिला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळत होते. एका संध्याकाळी मी सहज कागदावर लिहिले: 'अग्रिकोला पुएल्लम वोकत', म्हणजे शेतकरी मुलीला हाक मारतो. ते तिने वाचले. मग मी शब्द फिरवले: 'पुएल्लम अग्रिकोला वोकत'. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "मुलगी शेतकऱ्याला हाक मारते." इंग्रजीच्या सवयीने तिने पहिला शब्द कर्ता धरला होता, 'पुएल्लम'च्या टोकाशी असलेला 'म' तिला तक्त्यात पाठ होता, पण वाक्यात दिसत नव्हता. मी मराठीत विचारले, "मुलीला शेतकरी हाक मारतो, यात हाक कोण मारतं?" ती म्हणाली, "शेतकरी, अर्थात." मग म्हटले, लॅटिनमधला तो 'म' म्हणजे आपला 'ला'. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते चार महिन्यांच्या कार्यपुस्तिकेने उमटवले नव्हते. संच वाईट नव्हता. त्यात पूर्ण वाक्ये फार उशिरा येत होती, आणि मी खरेदीआधी फक्त पहिला धडा पाहिला होता.

म्हणूनच सांगणे आहे, की नमुन्याची पाने पाहताना पहिला धडा पाहू नये, दहावा पाहावा. पहिला धडा सर्वच प्रकाशकांचा गोड असतो. दहाव्या धड्यात मुलाला किती सलग वाक्ये वाचायला दिली आहेत, त्यांत शब्दांचा क्रम बदललेला आहे का, आणि आधीच्या नऊ धड्यांतले शब्द पुन्हा आले आहेत का, या तीन गोष्टी तपासाव्यात. दहा धडे झाल्यावरही केवळ सुटे शब्द आणि तक्तेच असतील, तर तो अभ्यासक्रम वाचनाच्या एखाद्या पुस्तकाची जोड दिल्याशिवाय घेऊ नये. उलट, वाक्ये भरपूर असून तक्ता कुठेच नसेल, तर आठवड्यातला एक दिवस तक्ते घोकण्यासाठी आपणच राखून ठेवावा. आम्ही आता हीच मिसळ करतो: तीन दिवस गोष्ट, एक दिवस 'अमो, अमास, अमत, अमामुस, अमातिस, अमन्त'. बऱ्याच प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर मधल्या धड्यांचीही नमुनापाने असतात. ती नसतील, तर स्थानिक ग्रंथालयातून किंवा ओळखीच्या कुटुंबाकडून पुस्तक आठवडाभर मागून आणावे.

मराठी घराची जमेची बाजू

आता आजींचा प्रश्न. संस्कृत येत असेल, तर लॅटिन निम्मे ओळखीचे निघते, आणि संस्कृत येत नसले तरी नुसत्या मराठीचाही फायदा होतो, हे अमेरिकी पाठ्यपुस्तकांना ठाऊक नसते. ती इंग्रजीखेरीज काही न येणाऱ्या मुलासाठी लिहिलेली असतात. शब्दाला लिंग असते आणि ती तीन असतात, हे समजावण्यात ती पाने खर्ची घालतात. आपल्या मुलांना तो दरवाजा, ती खिडकी, ते घर हे पाळण्यातच कळलेले असते. 'एस्त' आणि 'सुन्त' यांच्याशेजारी 'अस्ति' आणि 'सन्ति' लिहून दाखवावे, 'अमन्त'शेजारी 'भवन्ति' लिहावे, 'सेप्तेम, नोवेम, देकेम' म्हणून दाखवावे. मुले स्वतःच पुढच्या जोड्या शोधू लागतात. लॅटिनमध्ये द्विवचन नाही हे कळल्यावर तर संस्कृत शिकलेली मुले उघड आनंद व्यक्त करतात. विभक्ती संबोधन धरून सहा आहेत. तृतीयेचे आणि बऱ्याच अंशी सप्तमीचे काम पंचमीशी जुळणाऱ्या 'अब्लेटिव्ह'ने आपल्याकडे घेतले आहे, एवढे सांगितले की मोठ्या मुलाला नकाशा समजतो. मात्र दोन्ही भाषा एकाच वर्षी सुरू करू नयेत. निदान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे, नाही तर प्रत्यय एकमेकांत मिसळतात आणि वहीत 'पुएल्लस्य' असा शब्द अवतरतो.

इथेच एक बारीक पण त्रासदायक बाब सांगितली पाहिजे. विभक्तींचा क्रम सर्व पुस्तकांत एक नसतो. अमेरिकी पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी येते, मग चतुर्थी, द्वितीया आणि पंचमी; ब्रिटिश परंपरेतील पुस्तकांत प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी असा क्रम असतो. एका पुस्तकावर वर्षभर घोकलेला तक्ता दुसऱ्या देशाच्या पुस्तकात गेल्यावर लयीसकट मोडतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी कोणता क्रम ठेवायचा ते ठरवावे, तो भिंतीवर चिकटवावा आणि पुढचे पुस्तक वेगळ्या क्रमाचे निघाले, तर त्यातले तक्ते आपल्या क्रमाने पुन्हा लिहून घ्यावेत.

उच्चार, चर्च आणि गुलाम

लॅटिनचे दोन उच्चार प्रचलित आहेत आणि प्रत्येक अभ्यासक्रम त्यांपैकी एकाची, क्वचित दोन्हींची, बाजू घेतो. प्राचीन रोमन उच्चार म्हणून विद्वानांनी सिद्ध केलेल्या पद्धतीत 'सी' या अक्षराचा उच्चार नेहमी 'क' होतो. चर्चच्या, म्हणजे इटालियन वळणाच्या पद्धतीत 'इ' आणि 'ए' यांच्यापूर्वी त्याचा 'च' होतो. ज्याला इंग्रजीत सिसेरो म्हणतात, तो एका पुस्तकात किकेरो असतो आणि दुसऱ्यात चिचेरो. सीझरची प्रसिद्ध उक्ती एकीकडे 'वेनी, वीदी, वीकी' तर दुसरीकडे 'वेनी, वीदी, वीची' अशी ऐकू येते. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये यातला 'व' ओठ गोल करून म्हणावा की दात लावून, यावरही खल चालतो. मराठी 'व' दोन्हींच्या मधोमध बसत असल्याने आपल्याला त्या भांडणात पडायचे कारण नाही. मूल चर्चच्या गायनवृंदात गाणार असेल किंवा घर कॅथलिक असेल, तर दुसरा उच्चार घ्यावा. गोव्याकडच्या किंवा वसईच्या कुटुंबांत १९६० च्या दशकापूर्वीची लॅटिन मिस्सा ऐकलेली वडीलधारी माणसे असतील, तर त्यांच्याही कानाला तोच ओळखीचा लागेल. इतरांनी पहिला घ्यावा, असे मला वाटते. एकदा ठरल्यावर बदलू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. 'मालुम' म्हणजे सफरचंद आणि 'मलुम' म्हणजे वाईट गोष्ट. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, फक्त दीर्घ स्वरावर आडवी रेघ दिलेली असते. काही पुस्तके ती रेघ सर्वत्र देतात, काही मुळीच देत नाहीत. रेघ देणारेच पुस्तक घ्यावे. सुरुवातीचे महिनाभर शब्द देवनागरीत लिहून घेण्याचा प्रयोग आम्ही केला. काना आणि वेलांटी यांनी ते काम आपसूक होते, आणि उच्चारही पक्के होतात.

आशयाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. अमेरिकेतील होमस्कूलिंगची बरीच पुस्तके ख्रिस्ती प्रकाशकांची आहेत आणि त्यांत लॅटिन प्रार्थना, स्तोत्रे, बायबलमधील वाक्ये पाठांतराला असतात. 'लातिना क्रिस्तियाना' या नावातच ते स्पष्ट आहे, तर हेन्ले यांच्या पुस्तकात सीझरची युद्धे आणि चर्च हे दोन विषय हातात हात घालून चालतात. बिगरख्रिस्ती घरांनी एवढ्यावरून पुस्तक टाकून द्यावे असे नाही, कारण ती भाषा हजार वर्षांहून अधिक काळ चर्चची होती आणि तोही इतिहासच आहे. पण खरेदीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. दुसरीकडे, रोमन जीवनावर रचलेल्या पुस्तकांत गुलाम पानोपानी भेटतात आणि सुरुवातीच्या पुस्तकांत ते कधी कधी विनोदी पात्रे म्हणून येतात. दहा वर्षांचे मूल विचारतेच, की हा माणूस पगार का घेत नाही. त्या दिवशी व्याकरण बाजूला ठेवावे आणि त्यावरच बोलावे.

वय, परीक्षा आणि कागदपत्रे

आठ वर्षांच्या आतल्या मुलाला गाणी आणि चित्रे पुरतात. 'साँग स्कूल लॅटिन'सारखे पुस्तक किंवा व्हिंडोलांडा येथील रोमन किल्ल्यात राहणाऱ्या उंदराची गोष्ट सांगणारे 'मिनिमुस' हे खेळ म्हणून घ्यावे, त्यातून व्याकरणाची अपेक्षा धरू नये. नऊ ते बारा या वयात खरा अभ्यास सुरू करता येतो. इथे लॅटिन मुळीच न येणाऱ्या पालकाला मी आधी स्वतःसाठी विल्यम लिनी यांचे 'गेटिंग स्टार्टेड विथ लॅटिन' घ्यायला सांगते: १३४ छोटे धडे, एकेका धड्यात एखादीच नवी गोष्ट, उत्तरे त्याच पुस्तकात आणि दोन्ही उच्चारांचे ध्वनिमुद्रण विनामूल्य. त्याचे तीस धडे आपण एकट्याने केले, की कोणत्याही मोठ्या संचाचा दहावा धडा वाचून मत बनवण्याइतकी नजर येते. तेराव्या वर्षी नव्याने सुरुवात करणाऱ्याला बालपुस्तकांत अडकवू नये. त्याला थेट 'फामिलिया रोमाना' द्यावे.

बाहेरची एखादी परीक्षा असली, की घरच्या गुणांना आधार मिळतो. नॅशनल लॅटिन एक्झाम ही बहुपर्यायी परीक्षा होमस्कूलिंगच्या मुलांनाही देता येते आणि तिचे स्तर ठरलेले असल्याने आपला अभ्यासक्रम कुठे कमी पडतो, ते कळते. महाविद्यालयीन श्रेयांकासाठीच्या एपी लॅटिनचे पाठ्य २०२५-२६ पासून बदलले आहे: व्हर्जिल कायम आहे, सीझरच्या जागी रोमन लेखक प्लिनी याची पत्रे आली आहेत. त्यामुळे जुन्या संचावर 'एपीची संपूर्ण तयारी' असे छापलेले असेल, तर प्रकाशनवर्ष पाहावे. सॅटची स्वतंत्र लॅटिन परीक्षा २०२१ मध्ये बंदच झाली. राज्याचा कायदाही निवडीवर थोडा परिणाम करतो: न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तेव्हा आठवडेनिहाय पाठनियोजन छापलेला अभ्यासक्रम घेतला, तर अहवाल लिहिताना रात्री जागाव्या लागत नाहीत, टेक्ससमध्ये तसा जाच नसल्याने हा मुद्दा गौण ठरतो.

खरेदी करताना जुनी पुस्तके जरूर घ्यावीत, पण पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि उत्तरपुस्तिका एकाच आवृत्तीच्या आहेत ना, हे पाहूनच. आवृत्ती बदलली की वाक्यांचे क्रमांक बदलतात आणि तपासताना बरोबर उत्तरे चूक ठरतात. पहिल्या खेपेला एका वर्षापुरतेच घ्यावे. बारा आठवडे रेटून पाहावे. सुरुवातीची कुरकुर चौथ्या-पाचव्या आठवड्यात असतेच, तिच्यावरून पुस्तक बदलू नये. बाराव्या आठवड्यात मुलापुढे पूर्वी न पाहिलेली, शब्दक्रम फिरवलेली पाच वाक्ये ठेवावीत. तीन लागली, तर तेच पुस्तक पुढे चालवावे. एखाददुसरेच लागले, तर आधी आपण आठवड्याला खरोखर किती दिवस बसलो ते दिनदर्शिकेत मोजावे आणि ते दिवस पुरेसे भरले असतील, तरच दुसऱ्या पुस्तकाचा दहावा धडा उघडावा. उत्तरपुस्तिका मात्र पहिल्या दिवसापासून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावी. आमच्याकडे ती मधल्या फळीवर होती, आणि धाकट्याची भाषांतरे महिनाभर संशयास्पद निर्दोष येत होती.